बारा घरांपैकी नऊ

मी तक्ता बोलतोय. इंग्रजीच्या काळांचा तक्ता. नाव ऐकूनच तुमच्या पोटात गोळा आला असेल, तर त्यात तुमचा दोष नाही. तुम्हाला कोणीतरी घाईघाईत शिकवलं असेल. माझी तक्रार वेगळी आहे. शाळेत माझ्यावरून कोणी कधी शिकवलंच नाही.

मुरबाडपासून जीपने अर्ध्या तासावर असलेल्या एका हायस्कुलात मी चौदा वर्षं होतो. त्यातले बहुतेक दिवस कपाटात गेले. हिरवं लोखंडी कपाट, किल्ली हेडसरांकडे. शेजारी दोन पृथ्वीगोल, एकाचा दांडा मोडलेला, दुसऱ्यावरची आफ्रिका उडालेली. असल्या संगतीत माणूस असता तर खुळा झाला असता. मी कागदाचा, म्हणून निभावलं.

माझा जन्म १९९४ सालचा. मला घडवलं जयराम सरांनी. सर शहापूरजवळच्या सापगावचे. आठवडाभर शाळेजवळ खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एसटीने घरी जायचे. त्यांचा विषय इतिहास. पण शाळेला इंग्रजीचा मास्तर टिकत नव्हता. जो यायचा तो मुरबाडची एसटी, पुढची जीप आणि त्याच्या पुढचा चिखल बघून दुसरी नोकरी शोधायला लागायचा. शेवटी हेडसर म्हणाले, "जयराम सर, तुम्हाला एवढ्या सनावळ्या पाठ आहेत. बारा काळ काय जड आहेत?"

जड होते. सर वर्गात मुलांकडून क्रियापदं पाढ्यांसारखी घोकून घ्यायचे. गो, वेंट, गॉन. ईट, एट, ईटन. पोरं अशी ओरडायची की पाखरं उडून जावीत. पण कुठलं रूप कधी वापरायचं असं विचारलं की वर्ग चिडीचूप. खरं सांगायचं तर सरांनाही ते नीट सांगता येत नव्हतं, आणि ते त्यांना आतून खात होतं.

त्या जुलैत शाळेमागच्या खाचरात आवणी चालली होती. आवणी म्हणजे रोपवाटिकेतली भाताची रोपं उपटून चिखलात लावायची. सर खिडकीतून बघत उभे राहिले आणि त्यांना एकदम काहीतरी सापडलं. संध्याकाळी त्यांनी मुरबाडहून दोन जाड कागद, मांजरपाटाचं कापड आणि तीन रंगांची शाई आणली. कागद कापडावर खळीने चिकटवले, वर आणि खाली लाकडी पट्ट्या ठोकल्या. पंधरा दिवस शाळा सुटली की ते माझ्यावर वाकलेले असत. इतक्या मायेने माझ्याकडे पुन्हा कोणी बघितलं नाही, म्हणून ते पंधरा दिवस मला अजून आठवतात.

माझ्या अंगावर बारा घरं आहेत. काल, आज आणि उद्या अशा तीन ओळी, प्रत्येक ओळीत चार घरं. घरात इंग्रजी वाक्य आणि खाली मराठीत सरांची समजूत. आमच्या गावात दर वर्षी आवणी होते, नेहमीचंच आहे, तर साधा वर्तमानकाळ. बायका आत्ता खाचरात उतरल्यात, हात चालू आहेत, तर चालू वर्तमानकाळ. आवणी नुकतीच उरकली, चिखल अजून पायाला आहे, तर पूर्ण वर्तमानकाळ. सकाळपासून वाकल्यात आणि अजून कोणी कंबर सरळ केली नाही, तर चालू पूर्ण. आणि आवणी मागल्या महिन्यात झाली, पाय कधीच धुतले, विषय संपला, तर साधा भूतकाळ. "चिखल अजून पायाला आहे" हे वाक्य लिहिल्यावर सर एकटेच हसले होते. इतिहासाचा माणूस, पण इंग्रजी त्याला त्या क्षणी समजलं.

माझं नशीब इथवर बरं होतं. मग मला बक्षीस मिळालं आणि वाटोळं झालं.

शहापूरला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन होतं. तिथे मला पहिला नंबर दिला. प्रमाणपत्र, लाल फीत, सरांचा फोटो. शाळेत परत आल्यावर हेडसरांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि म्हणाले, "आता हा वर्गात नको. पोरं याचा चोळामोळा करतील." मला प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि कपाट बंद केलं. घरातल्या चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी ठेवायच्या आणि घरच्यांनी कान तुटलेल्या कपातून चहा प्यायचा, तसला हा प्रकार. सर तेव्हा बोलले नाहीत. सरांचा स्वभाव तसाच, वरिष्ठांपुढे जीभ टाळूला चिकटायची. पण खरं सांगू का, लाल फितीचं त्यांनाही थोडं कौतुक होतंच.

मग वर्षातून दोनतीनदा मला बाहेर काढायचे. पालकसभा, स्वातंत्र्यदिन आणि तपासणी. काढायचं काम शिपाई सकुबाईचं. सकुबाई मनाने सोन्यासारखी, पण अक्षराशी वैर. एका तपासणीला तिने मला उलटा टांगला. पायाची पट्टी वर, डोक्याची खाली, बाराच्या बारा घरं शीर्षासनात. साहेब आले, चष्मा पुसला, माझ्यासमोर चांगले अर्धा मिनिट उभे राहिले आणि वहीत लिहिलं, "तक्ता उत्तम." हेडसरांनी मान डोलावली. जयराम सरांना कळलं होतं, त्यांचे कान लाल झाले होते, पण साहेबांसमोर सांगणार कोण? त्या दिवशी मला रडता आलं असतं तर माझी शाई ओघळली असती.

आणि बाहेर वर्गात मुलं नापास होत होती. दहावीचा निकाल लागला की मला कपाटातून ऐकू यायचं. गणितात पास, शास्त्रात पास, इंग्रजीत उडाला. दर वर्षी तेच. ज्याच्यासाठी माझा जन्म झाला तेच भिंतीपलीकडे बुडत होतं आणि मी प्लास्टिकमध्ये नव्यासारखा.

१९९९ च्या जूनमध्ये दहावीच्या निकालाचा कागद घेऊन सोनाली शाळेत आली. डोंगराखालच्या वाडीवरची, धाऊची मुलगी. बाकी विषयांत पन्नासच्या वर, इंग्रजीत सत्तावीस. तिला नर्स व्हायचं होतं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी तिला सांगितलं होतं की दहावी पास झालीस की ट्रेनिंगचा फॉर्म भरता येतो. आणि धाऊने सांगितलं होतं की आक्टोबरला एकदा बस, नाय झालीस तर मुरबाडला कंपनीत पॅकिंगला लागायचं. एकच संधी होती आणि ती जेमतेम चार महिन्यांवर होती.

मी कपाटात होतो, पण दार नीट लागत नसे. सगळं ऐकलं.

"सर, मला तो तक्ता द्याल का? परीक्षेपुरता?" ती म्हणाली.

सर म्हणाले, "अगं सोनाली, तो शाळेचा आहे. बक्षिसाचा. काही झालं तर हेडसरांना मी काय सांगू? तू पुस्तकातून कर ना."

"पुस्तकातलं मला समजत नाय, सर."

"घोकायचं. घोकून येतं सगळं."

हे बोलणारा माणूस तोच, जो चिखल अजून पायाला आहे असं लिहून एकटाच हसला होता. मला त्या दिवशी सरांचा राग आला. अजून पुरता गेलेला नाही.

राग सकुबाईलाही आला असावा. चार दिवसांनी कपाट झाडायच्या निमित्ताने तिने मला बाहेर काढलं, खताच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलं आणि सोनालीच्या काखेत दिलं. "ने गो. तपासनी दिवाळीनंतर असते दर साली. तवर आन म्हंजे झालं. आनि कोनला बोलू नको, माझी नोकरी हाय."

असा मी पाच वर्षांनी उजेडात आलो.

सोनालीचं घर कुडाचं, भिंती लाल मातीने लिंपलेल्या. तिने मला मेढीला, म्हणजे मधल्या खांबाला टांगलं. चुलीचा धूर लागायचा. कोंबडी खालून जाताना माझ्या पट्टीला चोच मारून जायची. पण काय सांगू, दर दिवशी माझ्या अंगावर बोट फिरत होतं. ती आवणी करून यायची, हातपाय न धुता माझ्यासमोर उभी राहायची आणि मोठ्याने म्हणायची, वुई हॅव प्लँटेड द राइस. मग स्वतःच्या पायाकडे बघायची. चिखल होता. बरोबर होतं.

धाऊ विडी ओढत ऐकायचा. "काय म्हनतं इंग्रजी?"

"आवनी झाली, पन पाय धुवायचेत."

"मंग धू ना. त्याला इंग्रजी कशाला लागतं?"

सगळ्यात जास्त लक्ष होतं ते तिच्या आईचं. गुणाबाई लग्नघरी चौक लिहायची. लग्नाआधी भिंतीवर तांदळाच्या पिठाने जो देवाचा चौक काढतात, त्याला तिकडे लिहिणं म्हणतात. गुणाबाईला अक्षर येत नव्हतं, पण पंचक्रोशीत तिच्याइतका सरळ चौक कोणी लिहीत नव्हतं. एक दिवस माझ्याकडे बघत ती लेकीला म्हणाली, "ह्यो न्यावा लागंल ना परत?"

"लागंल."

"मंग भितीवर लिहून ठेवू. घरं मी काढते, आखर तू घाल."

तिने पीठ पाण्यात कालवलं, बांबूच्या काडीचं टोक ठेचलं आणि लाल भिंतीवर माझी बारा घरं आखली. एकही रेघ वाकडी नाही. आणि आखून झाल्यावर वरच्या दोन कोपऱ्यांत चंद्र आणि सूर्य काढले. सोनाली म्हणाली, आये, हे तक्त्यात नाय. गुणाबाई म्हणाली, चंद्रसूर्याबिगर चौक लागत नाय. विषय संपला. सोनाली मग रोज शेतावरून आल्यावर एक घर भरायला लागली. घाई नाही. एक घर पुरतं समजलं, त्याची दहा वाक्यं स्वतःची करून झाली, की मगच ते भिंतीवर जायचं. कालची ओळ भरली. आजची ओळ भरली. उद्याच्या ओळीतलं पहिलं घर भरलं.

त्यातच तिचं हळदीचं बोट माझ्या खालच्या कोपऱ्यात उमटलं. तिने पुसायचा प्रयत्न केला, निघालं नाही. ती घाबरली. मी मात्र खूश होतो. माझ्या अंगावरची ती पहिली खूण, वाचणाऱ्याची.

आणि मग त्या वर्षी तपासणी सप्टेंबरातच लागली.

हेडसरांनी कपाट उघडलं, मी नाही. सकुबाईला विचारलं, ती रडायला लागली. जयराम सरांना सगळं कळलं आणि सर दुपारच्या उन्हात वाडीवर चालत आले. घामाघूम, चेहरा उतरलेला. धाऊने खाट टाकली, कोरा चहा सांगितला. सर बसले नाहीत.

आधी त्यांनी मला बघितलं. मग त्यांची नजर भिंतीवर गेली आणि तिथेच राहिली. त्यांचीच समजूत, त्यांचेच शब्द, पांढऱ्या पिठात. कडेला सोनालीची वाक्यं. नऊ घरं भरलेली, तीन मोकळी, वर चंद्र आणि सूर्य. मला वाटलं, आता हा माणूस हसेल, तसंच, पंधरा दिवसांतल्या त्या संध्याकाळसारखं.

"सर, तीनच घरं राह्यलीत," सोनाली म्हणाली. "तीन दिस ठेवा. मी सोता आनून देते."

"उद्या साहेब येणार आहेत."

"साहेब गेल्यावर द्याल?"

सरांनी मला खाली उतरवलं, धूर झटकला, गुंडाळलं. कोपऱ्यातलं हळदीचं बोट त्यांना दिसलं तेव्हा ते क्षणभर थांबले. मग गोणीत घातलं.

"सकुबाईची नोकरी जाईल गं," ते एवढंच म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. यातच तर सगळी कोंडी होती. वाईट माणूस असता तर त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला सुलटा बघितला आणि वहीत लिहिलं, "तक्ता उत्तम." अक्षरशः तेच दोन शब्द. सकुबाईची नोकरी वाचली. हेडसरांनी कपाटाला दुसरं कुलूप आणलं आणि किल्ली करगोट्याला बांधायचीच काय ती बाकी ठेवली. परीक्षा तीन आठवड्यांवर होती. सर त्या तीन आठवड्यांत कपाटापाशी दोनदा आले, कुलपाला हात लावून परत गेले. हेडसरांकडे किल्ली मागायची एवढंच करायचं होतं.

ऑक्टोबरच्या परीक्षेत सोनालीला एकतीस गुण पडले. पासाला पस्तीस लागतात. ती तीन घरं भरली असती तर चार गुण वाढले असते का, मला सांगता येणार नाही. इंग्रजीचा पेपर काही तेवढ्यावर नसतो. पण चारच गुण होते, आणि घरं तीन होती, आणि मी नव्यासारखा कपाटात उभा होतो. ही गोष्ट आठवली की माझा कागद आजही ताठ होतो.

सोनाली मुरबाडला पॅकिंगला लागली. सकाळच्या जीपने जायची, अंधार पडता परत यायची. पुढच्या मार्चला पुन्हा बसली. सकुबाई नंतर कपाट झाडताना जणू मलाच ऐकवावं तसं बोलली, "पोरीने तीन घरांचं सोडून दिलं म्हनं, बाकीचं नीट लिवलं. पास झाली." ट्रेनिंगला तिचा नंबर आणखी एका वर्षाने लागला. माझ्यामुळे पुढे जायचं होतं ते माझ्यामुळेच मागे पडलं. मी काय, टांगाल तिथे राहणारा. पण लाज मला वाटली.

वर्षं गेली. शाळेत संगणक आला, त्यालाही प्लास्टिकची टोपी घातली. आपला एक जोडीदार वाढला म्हणून मी हसलो. मुलं गो, वेंट, गॉन ओरडतच होती.

२००८ च्या एप्रिलमध्ये जयराम सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ आणि मी. होय, हेडसरांच्या डोक्यातून आलेली कल्पना. मला मुरबाडला नेऊन काचेची चौकट बसवली. चौकटवाल्याने कडेने सोनेरी कागदाची पट्टी लावली आणि सोनालीचं हळदीचं बोट त्या पट्टीखाली गेलं. चौदा वर्षांत मला मिळालेली एकुलती एक खूण, तीही झाकली.

निरोपाच्या सभेत हेडसर मला उंच धरून म्हणाले, "बघा. चौदा वर्षं झाली, पण एक ओरखडा नाही. अशी काळजी घ्यावी लागते वस्तूची." टाळ्या पडल्या. इतका मोठा अपमान माझा कोणी केला नसेल.

मग जुनी विद्यार्थिनी म्हणून सोनालीला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती आता उपकेंद्रात नर्स होती, पांढरी साडी, खांद्याला पिशवी. थेट लसीकरणावरून आली होती.

"मला भाषण येत नाय," ती म्हणाली. "सरांनी तक्ता लय चांगला केलाय. मी वाचलाय. बारापैकी नऊ घरं. आमच्या भिंतीवर हायेत अजून. आई दर दिवाळीला भिंत लिंपते, पन तेवढा तुकडा सोडून लिंपते. तीन घरं मोकळी हायेत. धाकटा भाऊ विचारतो त्यात काय होतं, मी सांगते, मला नाय माहीत."

तिच्या आवाजात राग नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण सभेत वाजवतात. सरांनी मान वर केली नाही. आभाराचं भाषणही त्यांनी केलं नाही, नुसते हात जोडले.

सापगावच्या घरी सरांनी मला टीव्हीच्या वर लावलं. येणारा जाणारा म्हणायचा, वा, छान आहे. आणि टीव्ही बघायला बसायचा. मला वाटलं, झालं, आता मरेपर्यंत हे असंच. सर जेवताना माझ्याकडे पाठ करून बसायचे. दीड महिना एकदाही त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं नाही.

मग जूनमधल्या एका सकाळी त्यांनी मला खाली घेतलं, अंगणात बसले आणि पकडीने चौकटीचे खिळे काढले. काच निघाली, सोनेरी पट्टी निघाली. कोपऱ्यातलं पिवळं बोट वर आलं. सरांनी त्यावर आपलं बोट ठेवलं आणि खूप वेळ तसेच बसून राहिले. त्यांची नात वैष्णवी म्हणाली, "आजोबा, डाग पडलाय त्याला."

"डाग नाही तो," सर म्हणाले. "पिशवी आण."

शहापूरहून मुरबाडची एसटी, मग जीप, मग पायवाट. सर थकले होते, दोनदा बसले. वाडीवर गुणाबाई दारातच होती. तिने त्यांना ओळखलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता पिठासाठी तांदूळ भिजत घालायला आत गेली.

संध्याकाळी सोनाली कामावरून आली तेव्हा मी जुन्या मेढीला टांगलेला होतो आणि सर भिंतीसमोर पाटावर बसले होते. हातात पिठाची वाटी, ठेचलेली काडी.

"नऊ वर्षं उशीर झाला," सर म्हणाले. "लिहितेस का?"

तिने पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "सर, मला आता लागत नाय. भावाला लागंल, त्याची दहावी हाय औंदा. तुमी त्याला समजावून सांगा आधी. समजल्याबिगर आमी घर भरत नाय."

सरांनी मान हलवली आणि त्या पोराला जवळ बोलावलं. तीन घरांना त्यांना तीन दिवस लागले. ते वाडीवरच राहिले.

मी अजून इथेच आहे. धुराने काळवंडलोय, एक पट्टी कोंबडीने सैल केली आहे, आणि गेल्या आठवड्यात पोरांच्या ओढाओढीत माझा वरचा कोपरा फाटला. गुणाबाईने भाताची शितं लावून तो चिकटवला. आजूबाजूच्या चारपाच घरांतली पोरं संध्याकाळी येतात, दमली की माझ्यावर रेलतातही. कोणी हात लावू नका म्हणत नाही.

तुमच्या शाळेत असं एखादं हिरवं कपाट असेल. त्यात माझ्यासारखं कोणी बक्षीस घेऊन उभं असेल. मी हात जोडू शकत नाही, नाहीतर जोडले असते. त्याला बाहेर काढा. फाटलं तर फाटू द्या, शितं लावून चिकटवता येतं. सोनालीचं गेलेलं वर्ष मात्र अजून कोणाला चिकटवता आलेलं नाही.